जुना लहान ट्रॅक्टर आणि घरचें आवार



वडिलोपार्जित वाडा, मागें मोठें परसू, एका बाजूस गोठा, दुसऱ्या बाजूस उकिरडा आणि पलीकडे चार-सहा एकर जमीन, असें ज्यांचें गांवाकडे अद्याप कांहीं शिल्लक आहे, अशीं पुष्कळ कुटुंबें आज पुण्या-मुंबईस किंवा सोलापुरास राहतात. मालक शहरांत, आणि घर राखावयास एखादी वृद्ध आई, एखादा भाऊ किंवा विश्वासू गडी. अशा घरांत दिवाळीच्या सुटींत सर्व मंडळी जमली म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो: आवारांतल्या कामासाठीं एखादा जुना लहान ट्रॅक्टर, पुढें लोडर बसविलेला, घेऊन टाकावा काय? या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें एका शब्दांत देतां येत नाहीं. परंतु उत्तर कोणत्या रीतीनें शोधावें, हें मात्र सांगतां येतें. आणि तेंच आज सांगण्याचा विचार आहे.

मी अक्कलकोटास राहणारा निवृत्त शाळामास्तर आहें. यंत्रविद्येचा पंडित नव्हें. परंतु मास्तर हिशोबास बरे, या समजुतीनें शेजाऱ्यांनीं आणि जुन्या विद्यार्थ्यांनीं असल्या खरेदीच्या वेळीं मला बरेचदां सोबत नेलें आहे. अक्कलकोट म्हटलें म्हणजे आपणांस श्रीस्वामी समर्थांचें स्थान आठवतें, फार तर राजवाड्यांतील शस्त्रागार आठवतें. पण अक्कलकोट रोड स्टेशनावर उतरून गांवाकडे येऊं लागलें म्हणजे दोन्ही बाजूंस दिसतें तें काळ्या जमिनीचें शिवार: ज्वारी, तूर, आणि जेथें पाणी आहे तेथें ऊस. येथील घरांच्या आवारांत शेण, पाचट, कडबा, मुरूम आणि माती यांची ने-आण वर्षभर चालूच असते. म्हणून हा प्रश्न आमच्या भागांत हौसेचा नसून रोजच्या कामाचा आहे.

प्रथम या यंत्राचें कूळ थोडें पाहूं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली आणि महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या हातीं लोखंडी नांगर दिला. पण तो ओढावयास बैलच होते. इंजिन आणि अवजार यांची खरी सांगड घातली ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननें. नांगर साखळीनें मागें बांधण्याऐवजीं तो तीन ठिकाणीं ट्रॅक्टरला जोडावयाचा आणि तेलाच्या दाबानें उचलावयाचा, ही त्याची युक्ति. त्याचा राखी रंगाचा लहान ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळांत इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें पांच लाखांहून अधिक संख्येनें तयार झाला. एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारींत दक्षिण ध्रुवावर पोंचले ते याच लहान ट्रॅक्टरांना पट्टे बसवून. आज आपण ज्याला लोडर म्हणतों, त्याचे दोन हात त्याच तत्त्वावर, म्हणजे तेलाच्या दाबावर, वर-खालीं होतात.

आपल्या देशांत १९७१ पासून एच.एम.टी.नें पिंजोर येथें झेटर जातीचा २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला. १९७४ मध्यें पंजाबांतून स्वराज ७२४ आला, ज्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधनसंस्थेंत तयार झाला होता. आयशरचा एकाच सिलिंडरचा, हवेनें थंड होणारा ट्रॅक्टर पुष्कळांनीं पाहिला असेल. याहूनहि लहान म्हणजे बंगलोरच्या व्ही.एस.टी. कंपनीचा मित्सुबिशी शक्ति: साडेअठरा अश्वशक्ति, आणि चारही चाकांस गति. द्राक्षांच्या दोन ओळींमधून जाईल असें यंत्र हवें, म्हणून नाशिक, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत असलीं लहान यंत्रें चांगलीं रुळलीं. बागाईतदार नवें यंत्र घेतो तेव्हां जुनें बाजारांत येतें, आणि तेंच हिंडत हिंडत आपल्या परसापर्यंत येऊन पोंचतें.

आतां त्याचा उपयोग काय, हें अंकगणितानें पाहूं. एक ट्रॉली शेणखत म्हणजे सुमारें दोन टन, अर्थात् २००० किलो धरूं. डोक्यावरच्या पाटींत २० किलो खत मावतें असें मानलें, तर उकिरड्यापासून ट्रॉलीपर्यंत शंभर खेपा होतात. हें काम आपल्याकडे बहुतेक बायाच करतात. दुपारच्या उन्हांत शंभर वेळां वांकणें, शंभर वेळां ओझें मस्तकीं घेणें, आणि तें ट्रॉलीच्या फळीवरून आंत लोटणें. मान आणि कंबर यांची काय अवस्था होते, हें त्यांनाच विचारावें. लहान लोडरच्या बकेटींत घनमीटरचा पांचवा हिस्सा माल राहतो असें धरलें, तर शेणखताचे सुमारें १४० किलो एका वेळीं उचलले जातात. म्हणजे पंधरा खेपांत ट्रॉली भरली. यंत्राचा खरा गुण हा आहे. ते आपल्या श्रीमंतीची शोभा वाढवील म्हणून घेऊं नये; कोणाच्या तरी मानेवरचा भार उतरवील म्हणून घ्यावें.

पण याच ठिकाणीं विचारी माणसानें थांबावें. त्या बाईच्या मानेवरचें ओझें उतरलें, तसा तिचा रोजहि उतरला. मजूर मिळत नाहींत, ही मालकाची तक्रार खरी आहे; परंतु जी बाई वीस वर्षें याच घरीं काम करीत आली, तिला काम मिळत नाहीं, ही तक्रारहि तितकीच खरी ठरूं शकते. माझ्या माहितीच्या एका घरानें यावर बरा उपाय केला. यंत्र आणल्यावर जुन्या गड्याच्या मुलालाच चालविण्यास शिकविलें, त्याचा परवाना काढून दिला, आणि त्या घरच्या बाईला रोपांचें व जनावरांचें काम नेहमींसाठीं दिलें. खर्चाचा अंदाज करतांना ही बाब वहींत सर्वांत वर लिहावी.

आतां धोक्याचें गणित. मघाशीं जी बकेट शेणखताचे १४० किलो उचलीत होती, तीच मुरुमानें भरली तर वजन सुमारें ३०० किलो होतें. बकेट तीच, पण ओझें दुपटीहून अधिक. आणि हें ओझें बैलगाडीसारखें दोन आंसांमध्यें नसतें. तें पुढच्या आंसाच्याहि पुढें लोंबकळत असतें. समजा, पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर दीड मीटर आहे, आणि भरलेल्या बकेटीचा मध्य पुढच्या आंसापासून १.२ मीटर पुढें आहे. तराजूच्या नियमानें ३०० ला १.२ नें गुणून दीडनें भागलें म्हणजे २४० किलो येतात. इतका भार मागच्या चाकांवरून उचलला जाऊन पुढच्या आंसावर येतो. म्हणजे पुढच्या आंसाला ३०० नव्हे, तर ५४० किलो अधिक सोसावे लागतात; आणि ज्या मागच्या चाकांनीं जमीन पकडावयाची, ज्यांना ब्रेक असतात, तींच हलकीं होतात. उतारावर यंत्र घसरतें तें यामुळें.

यावर उपाय म्हणजे मागें वजन लावणें. मागच्या आंसाच्या मागें ९० सेंटिमीटरवर २०० किलोचा सिमेंटचा ठोकळा टांगला, तर मागच्या चाकांवर ३२० किलो येतात आणि पुढच्या आंसावरचे १२० किलो कमी होतात. मागच्या टायरांत तीन-चतुर्थांश पाणी भरण्याची रीतहि आहे. तिनें चाकांची पकड वाढते; परंतु पुढच्या आंसाचा भार हलका होत नाहीं, म्हणून ठोकळा तो ठोकळाच. लोडर विकणारा पुष्कळदां हें सांगत नाहीं. घेणाऱ्यानें स्वतः विचारावें.

दुसरी गोष्ट तोलाची. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो. वस्तुतः तो तिपाईवर उभा असतो. खांचखळग्यांत सर्व चाकें जमिनीस टेकावीं म्हणून पुढचा आंस मधोमध एका जाड खिळीवर डुलता ठेवलेला असतो. त्यामुळें आधाराचीं ठिकाणें तीनच: मागचीं दोन चाकें आणि पुढची ती खीळ. ही तिपाई मागें रुंद व पुढें निमुळती असते. बकेट भरली कीं भार निमुळत्या टोंकाकडे सरकतो. बकेट वर उचलली कीं तोच भार उंच जातो. अशा वेळीं एखादें मागचें चाक दगडावर चढलें, किंवा चालकानें वेगांत वळण घेतलें, तर यंत्र कलंडावयास क्षणाचाहि विलंब लागत नाहीं. म्हणून नियम साधा आहे: बकेट भरून जातांना ती जमिनीपासून वीतभरच वर असावी, आणि जेथें ओतावयाचें तेथें पोंचून, यंत्र सपाटीवर उभें राहिल्यावरच ती वर न्यावी. पावसाळ्यांत आमच्या काळ्या मातीवर तर हें यंत्र उतरवूंच नये. आवारांत आधीं मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घ्यावा. मग चाकें रुतत नाहींत.

आतां खरेदीकडे वळूं. जुनें यंत्र पाहावयास जावयाचें तें सकाळीं, आणि विकणाऱ्यास आधींच सांगून ठेवावें कीं आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करूं नका. गरम केलेलें इंजिन आपले दोष लपवितें. गेल्याबरोबर इंजिनावर हात ठेवून तें थंड आहे हें पाहावें. सुरू करण्यापूर्वीं तेलाची कांडी ओढून पाहावी. तेल दुधाळ असेल तर आंत पाणी शिरलें आहे. मग इंजिन सुरू करून धुराकडे पाहावें. थंडींत थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चिंता नाहीं. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन तेल जाळीत आहे, म्हणजे रिंगा व सिलिंडर झिजले. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. हा दोष कित्येकदां फिल्टर साफ करून किंवा नोझल बदलून जातो. पहिल्याचा खर्च मोठा, दुसऱ्याचा लहान. किंमत ठरवितांना हा भेद लक्षांत ठेवावा.

यानंतर लोडर. बकेटींत मुरूम भरून ती कमरेइतकी उचलावी, इंजिन बंद करावें, आणि दहा मिनिटें गप्पा माराव्या. तेवढ्यांत बकेट हातभर खालीं आली, तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत. मात्र त्या वेळीं कोणीहि तिच्याखालीं उभें राहूं नये. तेलाच्या नळीला बारीक छिद्र असलें तर तें बोटानें कधींहि चांचपूं नये. त्या दाबाचें तेल सुईसारखें कातडींत शिरतें आणि हात गमावण्याची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरावा. त्यावर ओल दिसली कीं गळती सांपडली.

सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे लोडर ट्रॅक्टरला कोठें जोडला आहे ही. आपल्याकडील बहुतेक लहान ट्रॅक्टरांना मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन, क्लचचें घर आणि गिअरपेटी एकमेकांस जोडून तोच कणा बनतो. लोडर जर केवळ इंजिनाच्या तोंडाशीं बोल्टांनीं अडकविला असेल, तर प्रत्येक धक्का त्या बिडाच्या कण्यावर बसतो आणि कालांतरानें तडा जातो. चांगल्या बांधणींत दोन्ही बाजूंनीं लोखंडी पट्ट्या मागच्या आंसापर्यंत नेलेल्या असतात. स्थानिक कारखान्यांत जोडलेल्या लोडरांत चांगले आहेत आणि वाईटहि आहेत. नवा रंग जेथें अधिक जाड दिसेल, तेथें नखानें खरवडून पाहावें. खालीं वेल्डिंगचा जोड दिसला तर कारण विचारावें. पुढचीं चाकें जॅकवर उचलून हातानें हलवावीं. खडखडाट आला तर तेथील बुशिंगा गेल्या. द्राक्षबागेंतून आलेल्या यंत्रावर फवारणीच्या औषधांचा गंज चढलेला असतो. तो पत्र्याच्या खालच्या बाजूस पाहावा.

सुटे भाग मिळतात कीं नाहीं, हा प्रश्न किंमतीपेक्षांहि मोठा आहे. पिंजोरचा एच.एम.टी. ट्रॅक्टरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला. त्याचे जुने ट्रॅक्टर अद्याप चालतात. पण असें यंत्र घेण्यापूर्वीं आपल्या तालुक्यांतील मिस्त्रीकडे जाऊन ‘याची क्लच प्लेट, वॉटर पंप आणि तेलाचा पंप किती दिवसांत आणून द्याल?’ असें स्पष्ट विचारावें. मिस्त्रीनें डोकें खाजविलें तर तें यंत्र कितीहि स्वस्त असलें तरी महागच. ज्याचा फिटर पांच कोसांवर आहे, तेंच जुनें यंत्र आपलें.

आतां कागदपत्रें. अक्कलकोटाहून कर्नाटकाची हद्द जवळ असल्यानें कलबुर्गी व विजयपूरकडचीं यंत्रें आमच्याकडे येतात. बाहेरच्या राज्यांतील वाहन आणतांना तेथील परिवहन कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावें लागतें. आणि बारा महिन्यांहून अधिक काळ तें येथें ठेवावयाचें तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. मालकी बदलण्यासाठीं नमुना २९ व ३० यांवर सह्या हव्यात, आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत कळवावयाचें असतें. यंत्रावर बँकेचें कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचें पत्र हातीं आल्याखेरीज इसाराहून अधिक एक रुपयाहि देऊं नये. नोंदणीपुस्तकांतील इंजिनाचा व चेसिसचा क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशीं स्वतः डोळ्यांनीं ताडून पाहावा. नोंदणीस पंधरा वर्षें झालीं असतील तर नूतनीकरण झालें आहे काय, तेंहि पाहावें. ‘आवारांतच तर चालवावयाचा आहे, कागद कशाला?’ असें म्हणणारा दलाल भेटतोच. पण डिझेल आणावयास तो एक दिवस रस्त्यावर जाणारच, आणि त्याच दिवशीं अपघात झाला तर विम्यावांचून घर विकण्याची वेळ येते.

शेवटीं मूळ हिशोब. समजा, यंत्र दोन लाखांस मिळालें आणि पांच वर्षांनीं सव्वा लाखास जाईल. झीज वर्षाला १५ हजार. दोन लाखांचें आठ टक्क्यांनीं व्याज १६ हजार. विमा, टायर, तेल, दुरुस्ती मिळून २४ हजार. एकूण ५५ हजार. हे आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपले आपण घालावे. वर्षाला पन्नास तास काम असेल तर यंत्राचा तास ११०० रुपयांस पडतो, आणि त्यावर डिझेल व चालक निराळे. तीनशे तास काम असेल तर तोच तास सुमारें १८३ रुपयांस पडतो. वीस अश्वशक्तीचें इंजिन अर्ध्या भारावर तासाला सुमारें तीन लिटर डिझेल पितें, तेंहि मिळवावें. मग गांवांत भाड्याच्या यंत्राचा जो दर चालू असेल, त्याच्याशीं ही रक्कम ताडून पाहावी. वर्षांतून दोनदां खत काढावयाचें आणि एकदां आवार सारखें करावयाचें, एवढेंच ज्यांचें काम आहे, त्यांनीं यंत्र घेऊं नये; भाड्यानें बोलवावें आणि निश्चिंत असावें. ज्यांच्याकडे दहा-बारा जनावरें आहेत, रोज शेण आहे, त्यांना तें फायद्याचें होईल. या दोहोंच्या मध्यें जीं घरें आहेत, त्यांनीं शेजारच्या दोन घरांशीं मिळून घ्यावें. मात्र चालक एकच असावा आणि दुरुस्तीची वही एकच असावी. तीन मालक चालतात, तीन चालक चालत नाहींत.

आणखी दोन गोष्टी सांगून संपवितों. ट्रॅक्टरच्या मागें शक्ति देणारा जो दांडा फिरतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदांत नऊ. पदर किंवा धोतराचा सोगा त्यांत गुंतला तर ओढून घेण्यास वेळ उरत नाहीं. त्यावरचें झांकण काढून ठेवलेलें यंत्र कोणत्याहि किंमतीस घरांत आणूं नये. आणावयाचेंच तर पहिला खर्च त्या झांकणाचा करावा. आणि सुटींत शहरांतून मुलें गांवीं येतात, तेव्हां त्यांना चाकाच्या पत्र्यावर बसवून फेरी मारविण्याचा मोह आजोबांना आणि काकांना फार होतो. ट्रॅक्टरवर बैठक एकच असते, ती चालकाची. नातवंडांना तें यंत्र दाखवावें, त्याचें तोलाचें गणित मातींत काडीनें काढून समजावून सांगावें, आणि खालीं उभें राहूनच तें पाहावयास लावावें. मुलें रुसतील, रुसूं द्यावीं. काम संपल्यावर बकेट जमिनीस टेकवून, किल्ली काढून, ती घरांतल्या वडील माणसाच्या हातीं द्यावी.

ज्या घरांत इतका विचार होईल, तेथें जुनें यंत्र आलें तरी सुखाचें, आणि न आलें तरी सुखाचेंच.